मोडीत जाण्याआधी

पुण्याने महाराष्ट्राचा इतिहास लिहिला तो मुख्यतः कागदांवरून. १९१० साली राजवाडे आणि मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. पुढे १९३०च्या दशकात सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड छापून झाले. याच शहरात १९२०च्या सुमारास दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवितेतले ‘अज्ञातवासी’, अडकित्ते, समया आणि कुंकवाचे करंडे गोळा करू लागले होते. त्यातून १९६२ साली उभ्या राहिलेल्या आणि त्यांच्या अकाली गेलेल्या मुलाचे नाव धारण करणाऱ्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाने २०२२ मध्ये साठी गाठली. असे प्रसंग आले की केळकर आणि कमलाबाई या दांपत्याच्या चिकाटीचे गोडवे गायले जातात, आणि ते योग्यच आहे. पण संग्रहाला नुसता कलासंग्रह म्हणून गौरवले की त्याचे मोल निम्म्यावर येते. तो दप्तराच्या तोडीचा पुरावा आहे, आणि दप्तरापेक्षा जास्त धोक्यातून वाचलेला.

हा धोका धातूच्या किमतीतच होता. जुन्या कागदाला वाळवी लागते, तो रद्दीतही जातो. पण रुमालात बांधून माळ्यावर टाकला आणि विसरला, तर दोनशे वर्षे टिकूनही जातो. पितळेला विसरले जाण्याची सवलत नाही. घरात नड आली, वाटण्या झाल्या, स्टील आले, की पितळ मोडीत निघाले. मोडीला भाव वजनावर. समईवरचा मोर किंवा अडकित्त्याच्या मुठीवरचा पोपट त्या काट्यावर फुकट. तेव्हा मोडीच्या भावाहून चार पैसे जास्त देणारे गिऱ्हाईक उभे राहणे, एवढाच त्या वस्तूचा तरणोपाय होता.

यावर अभ्यासकांचा आक्षेप असा, की विकत घेतलेल्या वस्तूला सनावळी नसते. ती कुठल्या घरातली, कोणी घडवली, कोणाच्या हातात होती, हे निसटले की उरते ती शोभा. आक्षेपात तथ्य आहे. पण त्यामागे एक गृहीत दडलेले आहे: जणू कोणी शास्त्रशुद्ध नोंद करायला उभा होता आणि केळकर मध्येच आडवे आले. प्रत्यक्षात पर्याय होता भट्टीचा. शिवाय वस्तू अगदीच मुकी नसते. पाय घासायची वज्री पाहा. खालचा तळ खरबरीत, आडव्या-उभ्या रेघांनी कापलेला. वर मुठीच्या जागी पक्षी किंवा प्राणी, ओल्या हातातून निसटू नये इतपत जाड. टाचेच्या भेगा काढायच्या साधनावर ओताऱ्याने इतका वेळ का घालवला असेल? कारण रोजच्या न्हाण्यालाही देखणेपणा हवा, असे मानणारे आणि त्याचे पैसे मोजणारे गिऱ्हाईक होते. ही गोष्ट तहनाम्यात शोधून सापडणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. हा संसार वैभव इतरांना दाखवू शकणाऱ्यांचा आहे. मजुराची मातीची चूल, फाटकी घोंगडी यात कुठे? हे मान्य केलेच पाहिजे. गरिबाची वस्तू झिजेपर्यंत वापरली जाते, म्हणून ती संग्राहकापर्यंत पोचतच नाही. तरी दप्तरही काही रयतेने लिहिलेले नव्हते. तिथे कुणबी दिसतो तो थकबाकीत किंवा तक्रारीत. इथे कारागीर निदान त्याच्या कामातून दिसतो. बायकांचे तर विचारूच नका: राजकीय पत्रव्यवहारात ज्या क्वचित डोकावतात, त्यांचे दिवसभराचे जग या दालनांत भरून आहे.

केळकरांनी १९७५ साली संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. वस्तू वीस हजारांच्या घरात, आणि मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. म्हणून नव्या दालनाआधी हवे ते वर्णन: ओतीव की ठोकीव, डाग कुठे दिला, झीज कोणत्या बाजूला. त्यासाठी इतिहासाच्या पदवीधराबरोबर तांबट आणि ओतारीही बसवावा लागेल, आणि त्याला नुसते चहापाणी देऊन नव्हे, तर जाणकाराचे मानधन देऊन.