विकीचा डेटाबेस सर्व्हर
वाचकाला स्वतः भर घालता व दुरुस्ती करता येणाऱ्या संकेतस्थळाचा, म्हणजे विकीचा, मजकूर आणि त्यात झालेल्या प्रत्येक बदलाची नोंद ज्यावर सुव्यवस्थित रीत्या साठविलेली असते, तो संगणक व त्यावरील आज्ञावली. मुद्रित ग्रंथातील दुरुस्ती पुढील आवृत्तीत होते आणि मागील आवृत्ती ग्रंथालयांतून शिल्लक राहते. विकीमध्ये नवे पान जुन्याची जागा तत्काळ घेते. त्यामुळे जुने पान जपण्याची जबाबदारी सर्वस्वी सर्व्हरवर येऊन पडते. लेखकांचे श्रेय ज्या परवान्यान्वये द्यावयाचे, त्याची पूर्तताही या जुन्या नोंदींवाचून होऊ शकत नाही. ही जबाबदारी कसकशी पेलली गेली, हे विकिपीडियाच्या इतिहासावरून विशेष स्पष्ट होते.

पहिला विकी वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ञाने २५ मार्च १९९५ रोजी सुरू केला. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेला विकिपीडिया आरंभी क्लिफर्ड ॲडम्स यांच्या ‘यूजमॉडविकी’ या पर्ल भाषेतील आज्ञावलीवर चालत असे. तीत डेटाबेस नव्हताच; प्रत्येक पान साध्या फाइलीत साठविले जाई आणि जुन्या आवृत्त्या काही काळ ठेवून टाकून दिल्या जात. लहान मंडळाच्या टिपणवहीला ही व्यवस्था पुरेशी होती, ज्ञानकोशाला नव्हती. परिणामी विकिपीडियाच्या पहिल्या महिन्यांतील पुष्कळशा नोंदी नष्ट झाल्याचे दीर्घकाळ मानले जाई. डिसेंबर २०१० मध्ये टिम स्टार्लिंग यांना एका जुन्या संग्रहफाइलीत फेब्रुवारी, मार्च व ऑगस्ट २००१ मधील तीन संपूर्ण प्रती आढळल्या. या प्रारंभिक इतिहासाचे रक्षण योजनेपेक्षा योगायोगानेच अधिक झाले, असे म्हणावे लागते.

जानेवारी २००२ मध्ये माग्नुस मान्स्के या जर्मन विद्यार्थ्याने पीएचपी भाषेत लिहिलेली नवी आज्ञावली वापरात आली व मजकूर मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये साठविला जाऊ लागला. इतिहास जतन होण्याची सोय झाली. पण संकेतस्थळ मंदावले. ली डॅनियल क्रॉकर यांनी आज्ञावलीची पुनर्रचना केली व ती जुलै २००२ मध्ये लागू झाली. ‘मीडियाविकी’ हे नाव तिला २००३ मध्ये मिळाले. या काळातील अडचणी बोधप्रद आहेत. पान किती वेळा वाचले गेले याची मोजणी ठेवावयाची, तर प्रत्येक वाचनाबरोबर डेटाबेसमध्ये एक लेखनही करावे लागते. तसेच एक ओळ बदलताना संपूर्ण सारणी अडवून धरणाऱ्या साठवणपद्धतीत, एक जण लिहीत असता इतरांना तिष्ठत राहावे लागते. म्हणून अशी मोजणी व अवजड याद्या बंद ठेवण्याची सोय आज्ञावलीत करण्यात आली आणि केवळ बदलती ओळच अडविणारी इनोडीबी ही साठवणपद्धती स्वीकारण्यात आली. सर्व्हरची मांडणी म्हणजे पुष्कळ अंशी काय करावयाचे नाही हे ठरविणे होय.

आरंभीच्या सर्व्हरांना कोशकारांची व कोशांची नावे दिलेली होती : प्लिनी, लारूस, सूदा इत्यादी. पैकी ‘प्लिनी’वर डेटाबेस होता. २००३ च्या अखेरीस यंत्रे बंद पडून संकेतस्थळ जवळजवळ ठप्प झाले, तेव्हा वाचकांना देणग्यांचे आवाहन करावे लागले आणि नवी यंत्रे घेण्यात आली. यानंतर काम विभागले गेले. लेखन एकाच मुख्य सर्व्हरवर व्हावे, त्याची नोंदवही प्रतिरूप सर्व्हरांनी वाचून तेच बदल आपल्याकडे करून घ्यावेत आणि वाचकांची मागणी या प्रतिरूपांनी भागवावी, अशी ही रचना आहे. तिच्यातील दोष असा, की प्रतिरूप मागे पडल्यास नुकतीच केलेली दुरुस्ती खुद्द ती करणाऱ्यालाच दिसत नाही. ती वाया गेली असे समजून तो पुन्हा तेच लिहू लागतो. म्हणून मागे पडलेल्या प्रतिरूपाकडे मागण्या कमी पाठविणे व सर्वच प्रतिरूपे फार मागे पडल्यास संपादन काही काळ थांबविणे, असे उपाय योजलेले असतात.

प्रतिरूप म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे, याची जाणीव फेब्रुवारी २००५ मध्ये कठोरपणे झाली. फ्लॉरिडातील ज्या केंद्रात सर्व्हर ठेवलेले होते, तेथील विद्युत् मंडलखंडक तुटले. केंद्रात जनित्र होते. पण त्याची वीज यंत्रांपर्यंत पोहोचणारा मार्गच खंडित झाला होता. मुख्य व प्रतिरूप सर्व्हर एकाच छताखाली असल्याने एकाच वेळी बंद पडले आणि मुख्य डेटाबेसमध्ये विकृती आढळली. सुदैवाने एक प्रत अविकृत होती व तिच्यावरून पुनर्बांधणी करता आली. इनोडीबी प्रत्येक बदल प्रथम नोंदवहीत पक्का करते. परंतु तबकडीने मजकूर प्रत्यक्ष न लिहिता तात्पुरत्या स्मृतीत ठेवून ‘लिहिला’ असे कळविले, तर वीज जाताच ही हमी निरर्थक ठरते. म्हणून बॅटरीचे पाठबळ असलेले नियंत्रक वापरणे वा तबकडीची तात्पुरती स्मृती बंद ठेवणे, ही डेटाबेस सर्व्हरच्या देखभालीतील अगदी प्राथमिक बाब आहे. तिच्याकडे दुर्लक्ष मात्र वारंवार होते.

त्याच वर्षी मीडियाविकीच्या १·५ या आवृत्तीने साठवणीची रचना बदलली. चालू मजकूर व जुना मजकूर यांच्या वेगळ्या सारण्या जाऊन पान, आवृत्ती व मजकूर अशा तीन सारण्या आल्या. त्यामुळे जुनी व नवी आवृत्ती समान दर्जाच्या झाल्या. एका पानाच्या लागोपाठच्या आवृत्त्यांत फरक थोडा असतो. म्हणून त्या एकत्र संकोचून ठेवल्यास जागा फारच कमी लागते. मराठी विकिपीडिया (स्थापना १ मे २००३) व तत्सम प्रकल्पांच्या दृष्टीने लिपीचा प्रश्न महत्त्वाचा होता. मायएसक्यूएलच्या तत्कालीन आवृत्तीत युनिकोडचे साहाय्य नसल्याने अक्षरे केवळ बाइटांची माळ म्हणून साठविली जात. शीर्षकाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरी वर्णाला तीन लागतात. आणि काना, मात्रा, हलन्त ही चिन्हे वेगळी मोजली जातात. त्यामुळे देवनागरी शीर्षक ८५ चिन्हांतच आटोपावे लागते. लांबलचक सामासिक शीर्षकांची हौस असणाऱ्या लेखकाला ही मर्यादा जाचते.

मायएसक्यूएलची मालकी २००८ मध्ये सन कंपनीकडे व २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली. तिचे एक जनक मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्ये ‘मारियाडीबी’ ही स्वतंत्र शाखा सुरू केली होती. विकिमीडिया प्रतिष्ठानाने २०१३ मध्ये विकिपीडियासाठी तिचा स्वीकार केला. जानेवारी २०१३ मध्ये मुख्य केंद्र फ्लॉरिडातून व्हर्जिनियातील ॲशबर्न येथे हलविण्यात आले. एप्रिल २०१६ मध्ये सर्व कारभार टेक्ससमधील दुसऱ्या केंद्राकडे सोपवून दोन दिवसांनी परत आणण्याचा पहिला प्रयोग झाला. दोन्ही केंद्रांतील मुख्य सर्व्हरांवर एकाच वेळी लेखन होऊ नये, म्हणून अशा बदलाच्या वेळी संपादन थांबविले जाते. वाचन चालू असते. पहिल्या प्रयोगातील हा खंड बराच मोठा होता. सरावाने तो दोन-तीन मिनिटांवर आला. यांखेरीज संपूर्ण मजकुराच्या, जुन्या आवृत्त्यांसह, प्रती वेळोवेळी सार्वजनिक रीत्या उपलब्ध केल्या जातात व त्या कोणालाही उतरवून घेता येतात.