सुईचा कोन आणि तबकडीचे वय

ध्वनिमुद्रिका कोरणारी सुई तबकडीच्या कडेपासून केंद्राकडे सरळ रेषेत सरकते. वाजवणारी सुई मात्र एका टोकाशी खिळलेल्या भुजेवर बसून कंसाकार फिरते. त्यामुळे ती खाचेत तिरकी पडते आणि सूर विकृत होतो.

१९२४ साली पर्सी विल्सन यांनी ‘द ग्रामोफोन’ मासिकात या दोषाची भूमिती मांडली. पुढे लॉफग्रेन (१९३८) आणि बेअरवाल्ड (१९४१) यांनी गणित पूर्णत्वास नेले. भुजेला योग्य बाक दिला आणि सुई मधल्या खुंटीच्या किंचित पलीकडे पोहोचू दिली, तर दोन ठिकाणी तिरकेपणा शून्य होतो. एलपीवर ही ठिकाणे केंद्रापासून सुमारे ६६ व १२१ मिलिमीटरवर येतात.

परंतु कोन साधला तरी तबकडीचे वय पाहावेच लागते. लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद; तिला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागते. १९४८च्या एलपीला २५, तर स्टिरिओला सुमारे १८ मायक्रॉनचे टोक पुरते. बारीक टोक जुन्या खाचेच्या तळाशी घासते. जाड टोक एलपीच्या भिंती खरवडते.

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी गायलेले सूर अशाच लाखेच्या खाचांत उतरले. खाच एकदा झिजली की तिच्यातला सूर पुन्हा कोरता येत नाही.