पाण्याखालचे ३५ मीटर

सप्टेंबर १९८८, सोल ऑलिंपिक. पुरुषांच्या १०० मीटर बॅकस्ट्रोकची प्राथमिक फेरी सुरू झाली आणि अमेरिकेचा डेव्हिड बर्कोफ पाण्याखाली जो गेला, तो बराच वेळ वर आलाच नाही. ५० मीटरच्या तलावातील सुमारे ३५ मीटर अंतर त्याने पाण्याखालूनच कापले. वेळ ५४.५१ सेकंद, नवा विश्वविक्रम.

बर्कोफ काही नवखा नव्हता. हार्वर्डमध्ये घडलेल्या या जलतरणपटूने महिनाभरापूर्वीच ५५ सेकंदांची सीमा ओलांडली होती. तसे करणारा तो जगातील पहिलाच. त्याच्या पद्धतीमागचे तत्त्व साधे होते. पृष्ठभागावर पोहणाऱ्याची बरीच शक्ती लाटा उठवण्यात खर्ची पडते, जशी नावेच्या नाळेपुढे लाट उठते. थोडे खाली गेले की हा विरोध झपाट्याने घटतो. म्हणून हात डोक्यामागे जोडायचे, शरीर ताणायचे आणि उताण्यानेच कमरेपासून पावलांपर्यंत डॉल्फिनसारखी लाट काढायची. किंमत मात्र जबर होती: श्वास रोखलेला, आणि उरलेल्या अंतरासाठी मांड्यांतले बळ आधीच ओसरलेले.

युक्ती एकट्याची राहिली नव्हती. जपानचा दाइची सुझुकी याच कलेत मुरलेला. अंतिम फेरीत त्याने पाण्याखालच्या किक वाढवल्या, सुमारे ३० मीटर तो खालीच राहिला आणि शेवटच्या काही हातांत बर्कोफला गाठले. सुझुकी ५५.०५, बर्कोफ ५५.१८. तिसरा आलेला सोव्हिएत संघाचा इगोर पोल्यान्स्की ५५.२०. प्राथमिक फेरीतला विक्रम अंतिम फेरीत पुन्हा साधला असता, तर सुवर्ण बर्कोफचेच होते! (ते त्याला मेडले रिलेत मिळाले, एवढाच दिलासा.)

आंतरराष्ट्रीय महासंघाने लगेच पाण्याखालच्या अंतरावर १० मीटरची मर्यादा घातली. १९९१ मध्ये ती १५ मीटर झाली. असे पूर्वीही घडले होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मासारु फुरुकावाने २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक बहुतांशी पाण्याखालून जिंकली, आणि पाठोपाठ त्या पद्धतीवर बंदी आली. फ्रीस्टाइल व बटरफ्लायला १५ मीटरची मर्यादा लागू झाली ती १९९८ मध्ये.

१९९२ साली बार्सिलोनात बर्कोफ नव्या नियमाखाली उतरला. ५४.७८ सेकंद, कांस्यपदक. सुवर्ण कॅनडाच्या मार्क ट्यूक्सबरीने जिंकले, ५३.९८ सेकंदांत, म्हणजे ३५ मीटर पाण्याखाली राहून बर्कोफने केलेल्या विक्रमापेक्षाही अर्ध्या सेकंदाहून अधिक वेगाने.