पापणीतला र आणि दोन संगणक

2009 साली गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली तो मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. त्यानंतर चंद्रपूर-गडचिरोलीत कितीतरी ग्रामसभांनी दावे केले. या दाव्यांत सरकारी कागदांइतकाच गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही पुरावा धरला जातो. आजोबांनी सांगितलेली जंगलाची हद्द कागदावर आली की ती पुरावा होते. म्हणूनच कागद हरवून चालत नाही.

अशाच एका ग्रामसभेच्या स्कॅन केलेल्या कागदांची रोज रात्री दुसरी प्रत काढणारी स्क्रिप्ट माझ्याकडे आहे. मूळ फाइली लिनक्सवर, प्रत एका जुन्या मॅकवर. मूळ जागी नसलेली फाइल प्रतीतूनही पुसायची, असा तिला हुकूम. 'ठराव' आणि 'नकाशे' ही फोल्डरं एकदाच उतरली. 'गावकऱ्यांचे जबाब' मात्र दर रात्री पुसलं जायचं आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा उतरायचं.

घोळ त्या 'ऱ्या'त होता. मराठीतला हा पापणीसारखा र हिंदीत नाही. युनिकोडमध्ये तो लिहायला 'ऱ' हे अक्षर वापरतात. ते मुळात द्राविडी भाषांतला वेगळा र दाखवण्यासाठीचं. गंमत म्हणजे त्याच कुळातली गोंडी याच जंगलात बोलली जाते. हा ऱ दोन प्रकारे साठवता येतो: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा साधा र आणि खाली नुक्ता असे दोन तुकडे करून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात.

1998 मध्ये ॲपलने आणलेली एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था प्रत्येक नावाचे असे तुकडे करूनच ठेवायची. लिनक्स मात्र दिलं तसंच ठेवतं. माझी स्क्रिप्ट ज्यावर चालते ते आरसिंक 1996 साली ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी आणलं. ते नावातली अक्षरं नाही, त्यामागचे आकडे ताडून पाहतं. आकडे जुळले नाहीत, म्हणजे फाइल परकी. मग ती पुसायची.

'फाइलींना इंग्रजीत नावं दे, संपला विषय,' हा सल्ला मला लगेच मिळाला. तो मी घेतला नाही. ग्रामसभेच्या सचिवाला उद्या अधिकाऱ्यासमोर जबाब काढून दाखवायचा असेल, तर तो त्याच्या भाषेतल्या नावानेच सापडायला हवा.

उपाय 2008 पासून उपलब्ध होता. आरसिंकच्या 3.0 आवृत्तीत नावांचं लिप्यंकन बदलून घेणारा 'आयकॉन्व्ह' पर्याय आला, आणि मॅकच्या तुकड्यांच्या पद्धतीला 'यूटीएफ-8-मॅक' असं नावही आहे. पण मॅकसोबत येणारं आरसिंक वर्षानुवर्षं 2.6.9 वरच अडकलेलं, म्हणून नवं वेगळं बसवावं लागलं. 2017 मध्ये मॅकवर आलेली एपीएफएस तुकडे करत नाही; दिलेलं नाव जपते आणि दोन्ही रूपं एकच मानते.

स्क्रिप्टमध्ये बदल एका ओळीचा झाला. तुमच्या फोल्डरांत 'शेतकऱ्यांची यादी' किंवा 'दुसऱ्या सभेचं इतिवृत्त' असेल, तर पुसण्याचा हुकूम देण्याआधी आरसिंकची कोरडी फेरी करून बघा. काय पुसलं जाणार, ते ती काहीही न पुसता सांगते.