दोन साथी आणि घरातील वडीलधारे

१९१८ च्या जूनमध्ये मुंबईत शिरलेला इन्फ्ल्युएंझा पावसाळा सरता सरता मध्यप्रांत-वऱ्हाडात पोचला. देशात सर्वांत जबर तडाखा बसलेल्या प्रांतांत हा प्रांत होता. राजधानी नागपुरात मेयो रुग्णालय होते. पण डॉक्टरांच्या हाती शुश्रूषेपलीकडे फारसे काही नव्हते. देशभरात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. त्यांत विशी ते चाळिशीतल्यांचा भरणा मोठा होता. कर्ती माणसे गेली, वडीलधारे मागे राहिले.

२०२० साली पारडे उलटले. मार्चमध्ये नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण आढळला, आणि या वेळी जिवाचा धोका वयाबरोबर चढत गेला. मेयो व १९४७ साली निघालेले मेडिकल, दोन्ही रुग्णांनी भरली. एप्रिल २०२१ मध्ये शहरात खाटा अपुऱ्या पडल्या.

साथ ओसरली, तरी हिवाळ्यातला फ्लू वृद्धांना आजही रुग्णालयात नेतो. उतारवयात ताप चढतोच असे नाही. अन्न नकोसे होते, बोलण्यात गोंधळ होतो, धाप लागते. घरचे म्हणतात, "वयाचा खोकला आहे." आजोबा म्हणतात, "उगाच खर्च कशाला?" यातच मोलाचे दोन दिवस जातात.

पेनिसिलिनचा शोध १९२८ चा. त्यापूर्वी फुप्फुसदाहावर असे औषधच नव्हते. आज औषधे आहेत, प्राणवायू आहे, फ्लूची लस आहे. पणजोबांच्या पिढीला साधने नव्हती. आपल्याला ती सबब उरलेली नाही.