आइस हॉकीतील मारामारी
नांदेड येथे गुरू गोविंदसिंगांच्या नावे भरणाऱ्या अखिल भारतीय हॉकी स्पर्धेत दांडगाईस आळा घालतो तो पंच : पिवळ्या कार्डाने खेळाडू किमान ५ मिनिटे बाहेर बसतो. उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकीत मात्र हा धाक पुष्कळसा मुठींवर सोपविला गेला. नॅशनल हॉकी लीगने १९२२ मध्ये मारामारीस हकालपट्टीऐवजी ५ मिनिटांची शिक्षा ठरविली. पुढे संघ राखणदार खेळाडू बाळगू लागले. एडमंटन संघाच्या वेन ग्रेट्स्कीस धसमुसळेपणाने अडविणाऱ्याची गाठ डेव्ह सेमेन्कोशी पडे. १९९२ मध्ये कुरापतखोरास जादा शिक्षा लागू झाली. त्यामुळे धाक ओसरला, ही समर्थकांची तक्रार फारशी पटणारी नाही. ऑलिंपिकमध्ये मारामारी करणारास बाहेर काढतात, तरी खेळ नीट चालतो. राखणदारांपैकी डेरेक बूगार्ड २०११ मध्ये २८ व्या वर्षी वारला. त्याच्या मेंदूत वारंवारच्या आघातांनी जडणारी व्याधी आढळली.