ब्रिज फायरवॉल (लिनक्स)

ब्रिज फायरवॉल : एकाच स्थानिक नेटवर्कच्या दोन भागांमध्ये बसून त्यांच्यातले ट्रॅफिक नियमांनुसार गाळणारी व्यवस्था. ब्रिज मॅक पत्ता पाहून फ्रेम एका पोर्टवरून दुसऱ्या पोर्टवर सोडतो. आयपी पत्त्याशी त्याला कर्तव्य नसते. म्हणून ही फायरवॉल बसवताना संगणकांचे आयपी पत्ते वा गेटवे बदलावे लागत नाहीत.

साधने : कर्नल २.६ (२००३) पासून ‘ईबीटेबल्स’ हे साधन मूळ कर्नलमध्ये आहे. कर्नल ३.१३ (२०१४) मध्ये आलेल्या ‘एनएफटेबल्स’मध्ये ब्रिजसाठी वेगळे कुटुंब आहे. कर्नल ५.३ (२०१९) पासून त्यात जोडणीची स्थितीही तपासता येते. आज नवे नियम यातच लिहावेत.

नियमांची रचना : ब्रिजमधून आरपार जाणारी फ्रेम ‘फॉरवर्ड’ चेनमधून जाते, खुद्द फायरवॉल यंत्रासाठी आलेली ‘इनपुट’मधून. दूरवरून काम करणाऱ्याने हा भेद आधी पाहावा, नाहीतर तो स्वतःच बाहेर राहतो. फॉरवर्ड चेनचे मूळ धोरण ‘ड्रॉप’ ठेवून पुढील क्रमाने परवानगी द्यावी :

१. आधीच जुळलेल्या जोडण्या;
२. एआरपी (फ्रेम-प्रकार ०x०८०६);
३. आयपीव्ही६ असल्यास शेजारी-शोधाचे आयसीएमपीव्ही६ संदेश;
४. हव्या त्याच सेवा, उदा. वेब सर्व्हरचे टीसीपी ४४३ पोर्ट;
५. शेवटी, अडवलेल्या फ्रेमसाठी काउंटर व लॉग.

दुसरी पायरी सर्रास विसरली जाते. नियम लावल्यावर थोडा वेळ सगळे सुरळीत चालते, कारण जुने मॅक पत्ते संगणकांच्या स्मरणात असतात. ती नोंद शिळी झाली की जोडणी तुटते आणि दोष केबलमध्ये शोधला जातो. व्हर्च्युअल मशिनच्या पोर्टवर मात्र एआरपी सरसकट सोडू नये. त्या मशिनला दिलेलाच मॅक व आयपी पत्ता तिच्या एआरपी संदेशात आहे ना, हे तपासावे. पत्त्याची तोतयेगिरी इथेच अडते.

‘बीआर-नेटफिल्टर’ : हे मॉड्यूल चालू असले की ब्रिजवरचे आयपी ट्रॅफिक ‘आयपीटेबल्स’च्या नियमांतूनही जाते. कुबरनेटीसच्या अनेक मांडण्यांना ते लागते. पण त्याच यंत्रावर डॉकर असेल, तर त्याच्या ‘ड्रॉप’ धोरणापायी ब्रिजवरची व्हर्च्युअल मशिन्स नेटवर्कबाहेर फेकली जाऊ शकतात, आणि ब्रिजचे नियम कितीही तपासले तरी चूक सापडत नाही. म्हणून पहिला नियम लिहिण्याआधी हे मॉड्यूल चालू आहे का, ते पाहावे.